डेटाबेसच्या ॲडमिन स्क्रीनला पासवर्ड आहे का, ते बाहेरून तपासा

जानेवारी २०१९ च्या अखेरीस ‘टेकक्रंच’ या अमेरिकी वृत्तस्थळाने स्टेट बँकेच्या एका सर्व्हरची बातमी दिली. सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये होता आणि ‘एसबीआय क्विक’ या सेवेचे एसएमएस त्यावरून जात होते. मिस्ड कॉल द्यायचा किंवा ठरलेला शब्द एसएमएस करायचा, की खात्यातली शिल्लक मोबाइलवर येते, अशी ती सेवा. या एसएमएसच्या डेटाबेसला पासवर्डच नव्हता. पत्ता सापडेल त्याला ग्राहकांना जाणारे मेसेज जाता-जाता वाचता येत होते. त्यात मोबाइल नंबर होता, शिल्लक होती, ताजे व्यवहार होते, खाते क्रमांकाचे काही आकडेही होते. मागच्या दोन महिन्यांचे मेसेज साठलेले होते ते वेगळेच. त्या आठवड्यातल्या एकट्या सोमवारी जवळपास ३० लाख मेसेज गेल्याचे बातमीत म्हटले होते. बँकेला कळवल्यावर तो सर्व्हर रातोरात सुरक्षित करण्यात आला.

या प्रकरणात कोणी काही फोडले नव्हते. ग्राहकांचे पिन, नेट बँकिंगचे पासवर्ड, ओटीपी सगळे जागच्या जागी होते. पण ते सगळे पुढच्या बाजूला. मागे डेटाबेस स्वतः एका पोर्टवर उत्तर देत बसला होता आणि समोरचा कोण आहे हे तो विचारत नव्हता. डेटाबेसच्या व्यवस्थापनाच्या स्क्रीनला लॉगिन नसणे हा दोष एवढा साधा आहे. तो शोधायला हुशारी लागत नाही आणि दुरुस्त करायलाही बहुतेक वेळा एका दुपारचे काम पुरते. तरीही तो वर्षानुवर्षे तसाच राहतो, याचे मला फार वाईट वाटते.

हा लेख पनवेलमधल्या अशा लोकांसाठी आहे ज्यांच्याकडे दुसऱ्यांची माहिती असते, पण स्वतःचा आयटी विभाग नसतो. जुन्या पनवेलमधले डॉक्टर, खांदा कॉलनीतले डायग्नॉस्टिक सेंटर, नवीन पनवेलचे क्लासवाले, कळंबोलीचे ट्रान्सपोर्टवाले, तळोजा एमआयडीसीतले छोटे कारखाने, पतसंस्था, गृहनिर्माण संस्थांचे सेक्रेटरी. आणि या सगळ्यांना सॉफ्टवेअर बसवून देणारे एकटे-दुकटे इंजिनिअर, त्यांच्यासाठी तर विशेष करून.

महाराष्ट्राचा पहिला नंबर

‘आमच्यासारख्या छोट्या जागेकडे कोण बघणार?’ असे बहुतेकांना वाटते. त्यांनी पुढची माहिती वाचावी. ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीने २०१९ मध्ये जगभरातले वैद्यकीय प्रतिमांचे सर्व्हर तपासले. एक्स-रे, सीटी, एमआरआय जिथे साठतात त्या व्यवस्थेला ‘पॅक्स’ म्हणतात. सप्टेंबर २०१९ च्या पहिल्या अहवालात सुमारे २,३०० सर्व्हर तपासल्याची नोंद होती आणि त्यांतले ५९० कोणत्याही संरक्षणाविना उघडे होते. पुढच्या अहवालातले भारताचे आकडे फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या वर्तमानपत्रांत आले. त्यांत राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता. सुमारे ३ लाख ८ हजार तपासण्यांच्या नोंदी आणि त्यांच्याशी जोडलेल्या जवळपास ७ कोटी प्रतिमा आपल्या राज्यातून उघड्या होत्या. दुसऱ्या क्रमांकावरचे कर्नाटक बरेच मागे होते.

हे काही फक्त मोठ्या रुग्णालयांचे आकडे नव्हेत. पॅक्स हे सॉफ्टवेअर आता दोन मशीनच्या सेंटरमध्येही असते. त्या प्रतिमेच्या फाइलमध्ये नुसता फोटो नसतो. रुग्णाचे नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव त्याच फाइलमध्ये लिहिलेले असते. गुडघ्याच्या एक्स-रेचे कोणाला फारसे वाटणार नाही. गर्भवतीची सोनोग्राफी, मनोरुग्णाचा मेंदूचा एमआरआय, टीबीच्या संशयाने काढलेला छातीचा फोटो, हे शेजाऱ्याच्या हाती पडले तर त्या माणसाचे काय होते याचा विचार करावा.

या सर्व्हरांचा प्रश्न त्यांच्या भाषेतच आहे. मशीन आणि सर्व्हर एकमेकांशी ‘डायकॉम’ या ठरलेल्या पद्धतीने बोलतात. ती पद्धत १९९३ मध्ये या नावाने आली, तेव्हा ही उपकरणे रुग्णालयाच्या आतल्या तारांवरच असणार असे गृहीत होते. समोरच्या यंत्राने आपले ठरलेले नाव सांगितले की पुरे, असा तिचा नेहमीचा रिवाज. आतल्या तारांवर ते चालून जाई. तोच सर्व्हर राउटरमधून इंटरनेटवर आणला की मग कोणीही ते नाव सांगू शकतो.

अलीकडचे एक उदाहरण छोट्या सेंटरांना जवळचे वाटेल. ‘ऑर्थँक’ हा बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात तयार झालेला मोफत पॅक्स सर्व्हर. चांगले सॉफ्टवेअर आहे, जगभर वापरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे ‘सिसा’ने, त्याच्याविषयी सूचना काढली: १.५.८ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये बाहेरून वापरण्याची सोय सुरू केली तरी लॉगिन आपोआप सुरू होत नाही. ८०४२ पोर्टवर त्याची वेब स्क्रीन येते. लॉगिन नसेल तर रुग्णांची यादी सरळ समोर येते, आणि ज्याला ती दिसते त्याला नोंदी पुसताही येतात. १.५.८ ही आवृत्ती बरीच जुनी आहे. पण ज्याने बऱ्याच वर्षांपूर्वी सर्व्हर बसवला आणि ‘चालतंय ना, मग हात नको लावू’ म्हणून सोडून दिला, त्याच्याकडे आजही तिच्याही आधीची असू शकते.

हे होते कसे

यात बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो, निष्काळजीपणाही म्हणता येत नाही. ओपीडी संपल्यावर रात्री आठ-साडेआठला इंजिनिअर येतो. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर चालते, पण आतल्या केबिनमधून जोडले जात नाही. डॉक्टर थांबलेले, रिसेप्शनवरच्या ताईंची लोकल निघायची वेळ झालेली. मग डेटाबेसला ‘सगळ्या नेटवर्ककडून ऐक’ असे सांगितले जाते, विंडोजचा फायरवॉल बंद होतो, पासवर्डचा एरर येत होता म्हणून पासवर्डही काढला जातो. आधी चालू तर होऊ दे, नंतर नीट करू. सॉफ्टवेअर चालू होते, सगळे घरी जातात, आणि ते ‘नंतर’ राहून जाते.

याचा एक नमुना तर अगदी ओळखीचा आहे. छोटी वेब सॉफ्टवेअरे बरेच जण विंडोजवर ‘झॅम्प’ टाकून चालवतात. त्यात मायएसक्यूएलच्या ‘रूट’ या सर्वाधिकारी युजरला पासवर्ड नसतो आणि ‘पीएचपीमायॲडमिन’ ही व्यवस्थापनाची स्क्रीन त्याच रूटने आपोआप उघडते. हे झॅम्प बनवणाऱ्यांनी शिकण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी ठेवले आहे, आणि म्हणूनच ती स्क्रीन फक्त त्याच मशीनवरून उघडेल अशी अटही घातली आहे. अपाचेच्या एका सेटिंग फाइलमध्ये ‘रिक्वायर लोकल’ अशी ती ओळ असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडायला गेले की ‘ॲक्सेस फॉरबिडन’ असे पान येते. मग कोणीतरी नेटवर शोधून ती ओळ ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ अशी करतो. त्या तीन शब्दांनी एकुलती एक अट गेली. आता डाव्या बाजूला सगळ्या डेटाबेसची यादी, प्रत्येक टेबलासमोर ‘ड्रॉप’ची सोय, आणि मध्ये पासवर्डची एकही पायरी नाही. त्यातच कोणी घरून बिलिंग पाहता यावे म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केले असेल, तर ती स्क्रीन सगळ्या जगाला उपलब्ध झाली.

डेटाबेस बनवणाऱ्यांचीही यात जबाबदारी होती आणि त्यांनी ती उशिरा का होईना स्वीकारली, हे इथे सांगायला हवे. काउचडीबीमध्ये अनेक वर्षे नव्या इन्स्टॉलेशनमध्ये येणारा प्रत्येक जण ॲडमिन असायचा. त्या अवस्थेला त्यांचेच लोक ‘ॲडमिन पार्टी’ म्हणत. फेब्रुवारी २०२० च्या ३.० आवृत्तीपासून ॲडमिनचा पासवर्ड ठरवल्याशिवाय तो सुरूच होत नाही. इलॅस्टिकसर्चमध्ये लॉगिनची सोय मे २०१९ पर्यंत विकत घ्यावी लागे. ती मोफत झाली तेव्हा आणि आपोआप सुरू राहू लागली ती २०२२ च्या ८.० आवृत्तीपासून. मोंगोडीबी २०१७ च्या ३.६ आवृत्तीपासून आपण सांगितल्याशिवाय फक्त स्वतःच्याच मशीनचे ऐकतो, मात्र लॉगिन आजही आपल्यालाच सुरू करावे लागते. रेडिसने २०१६ मध्ये ३.२ आवृत्तीत ‘प्रोटेक्टेड मोड’ आणला. त्याच्या आधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, रेडिसचे निर्माते साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी स्वतःच लिहून दाखवले होते की उघड्या रेडिसमधून नुसता डेटाच जात नाही. त्याच्याकरवी सर्व्हरवर फाइल लिहून घेऊन अख्ख्या मशीनचा ताबा मिळवता येतो.

म्हणजे नवी आवृत्ती बरीच शहाणी झाली आहे. धोका जुन्या आवृत्तीत आहे, आणि शहाण्या आवृत्तीचे शहाणपण हाताने बंद करण्यात आहे.

तुम्हाला कोण शोधतो

कोणीही नाव घेऊन शोधत नाही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीतले पत्ते सुमारे ४३० कोटी. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘झीमॅप’ हे साधन आणले, आणि एका साध्या मशीनवरून, चांगल्या जोडणीवर, त्या सगळ्या पत्त्यांवरचा एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासून दाखवला. ‘शोडान’सारखी शोधयंत्रे तर २००९ पासून हेच काम करत आहेत, कोणता पोर्ट कुठे उघडा आहे याची यादी तयारच असते. त्या यादीत पनवेलचे क्लिनिक आणि न्यूयॉर्कची बँक सारख्याच ओळीत येतात.

पुढे काय होते तेही माहीत आहे. डिसेंबर २०१६ च्या अखेरीस डच संशोधक व्हिक्टर गेव्हर्स यांच्या लक्षात आले की उघड्या मोंगोडीबीमधला डेटा गायब करून त्या जागी एकच नोंद ठेवली जाते आहे. नोंदीचे नाव ‘वॉर्निंग’, आणि मजकूर: डेटा हवा असेल तर ०.२ बिटकॉइन पाठवा. जानेवारी २०१७ च्या पहिल्या पंधरवड्यात असे हजारो डेटाबेस गेले, आणि मग तोच प्रकार इलॅस्टिकसर्च आणि काउचडीबीवर सुरू झाला. अनेक ठिकाणी एका टोळीची चिठ्ठी पुसून दुसरीने आपली चिठ्ठी लावली. डेटाची प्रत कोणी ठेवलेलीच नव्हती, म्हणून पैसे भरलेल्यांनाही बरेचदा काही मिळाले नाही. जुलै २०२० मध्ये तर खंडणीही मागितली गेली नाही. ‘म्याव’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वयंचलित हल्ल्याने उघडे डेटाबेस नुसते पुसून टाकले.

भारतातले एक प्रकरण वेळेच्या दृष्टीने लक्षात ठेवावे असे आहे. १ मे २०१९ रोजी बॉब डायचेंको या संशोधकाला २७ कोटी ५० लाखांहून अधिक भारतीयांच्या नोकरीविषयक नोंदी असलेला उघडा मोंगोडीबी सापडला. त्यांनी ‘सर्ट-इन’ या आपल्या केंद्रीय यंत्रणेला कळवले. तो तसाच उघडा राहिला आणि ८ मेला एका टोळीने तो रिकामा केला. चांगल्या माणसाला सापडणे आणि वाईट माणसाला सापडणे यांत जेमतेम आठवडा होता.

तपासायचे कसे

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. खालची तपासणी फक्त स्वतःच्या जागेची करायची, किंवा मालकाने लेखी परवानगी दिली असेल त्या जागेची. शेजारच्या लॅबचा पत्ता टाकून बघणे हेसुद्धा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येऊ शकते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सुरुवात सर्व्हरवरच करा. विंडोजच्या कमांड विंडोमध्ये ‘नेटस्टॅट’ चालवले की कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर ऐकतो आहे ते दिसते. लिनक्सवर ‘एसएस’ने हेच कळते. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ असेल तर तो प्रोग्राम फक्त त्याच मशीनचे ऐकतो. ०.०.०.० असेल तर जो जोडला जाईल त्या सगळ्यांचे. खास करून हे आकडे शोधा: मायएसक्यूएलचा ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, ओरॅकलचा १५२१, मोंगोडीबीचा २७०१७, रेडिसचा ६३७९, इलॅस्टिकसर्चचा ९२०० आणि त्याच्या किबानाचा ५६०१, काउचडीबीचा ५९८४, मोंगो-एक्सप्रेसचा ८०८१, डायकॉमचे १०४ आणि ११११२, ऑर्थँकचा ८०४२. टॅली चालत असेल तर त्याचा ९००० सुद्धा.

मग बाहेरून बघा. हे पाऊल बहुतेक जण टाळतात, आणि खरे उत्तर याच पावलात मिळते. सेंटरच्या कॉम्प्युटरवरून ‘माझा आयपी काय’ असे शोधून बाहेरचा पत्ता लिहून घ्या. आता मोबाइलचे वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर या, आणि ब्राउझरमध्ये तो पत्ता, त्यापुढे विसर्गासारखे चिन्ह आणि पोर्टचा आकडा टाका. ९२०० वर इलॅस्टिकसर्च उघडा असेल तर पांढऱ्या पानावर कंसातल्या काही ओळी येतात: क्लस्टरचे नाव, आवृत्तीचा आकडा, आणि शेवटी ‘यू नो, फॉर सर्च’. पासवर्ड न विचारता ही ओळ मोबाइलवर दिसली, तर तुमचा सगळा डेटा कोणालाही वाचता येतो आहे असे समजा. २७०१७ वर ‘तुम्ही ब्राउझरमधून मोंगोडीबी उघडू पाहत आहात’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आले, तर पोर्ट बाहेरून पोचतो एवढे सिद्ध झाले. लॉगिन आहे की नाही ते वेगळे तपासावे लागेल. पण डेटाबेसचा पोर्ट बाहेरून पोचणे हेच मुळात नको आहे. वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘पीएचपीमायॲडमिन’ आणि ‘ॲडमिनर’ हेही टाकून बघा. ब्राउझरमध्ये काहीच आले नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. मायएसक्यूएल किंवा रेडिससारखे डेटाबेस ब्राउझरशी बोलत नाहीत, तिथे इंजिनिअरकडून पोर्ट तपासून घ्या.

पनवेलमधल्या बऱ्याच स्थानिक ब्रॉडबँडवर ग्राहकाला स्वतःचा बाहेरचा पत्ता मिळतच नाही, एकच पत्ता अनेकांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुमचे तसे आहे. त्याने बाहेरच्यांना वाट अवघड होते हे खरे. पण उद्या सीसीटीव्हीसाठी तुम्ही स्टॅटिक आयपी घेता आणि ती आडकाठी एका दिवसात जाते. शिवाय आयपीव्ही६ वर हा आडोसा नसतो. आणि वेटिंग रूममधल्या रुग्णांना जे वाय-फाय दिले आहे तेच काउंटरचे असेल, तर बाकावर बसलेल्या माणसाला बाहेरून यायची गरजच नाही. पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे करा. बहुतेक राउटरांत ती सोय असते आणि पाच मिनिटांत होते.

बंद कसे करायचे

क्रम महत्त्वाचा. आधी बाहेरची वाट बंद, मग लॉगिन, मग बाकी.

राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंग काढा. ‘डीएमझेड’ या पर्यायात कुठलेही मशीन टाकलेले नाही ना ते बघा, कारण तिथे टाकलेल्या मशीनचे सगळेच पोर्ट उघडे पडतात. क्लाउडवर सर्व्हर असेल तर त्याच्या फायरवॉलच्या नियमांत डेटाबेसच्या पोर्टपुढे ०.०.०.०/० असे लिहिले आहे का ते पाहा. त्याचा अर्थ सगळे जग. जो इंजिनिअर डॉकर वापरतो त्याने एक गोष्ट जरूर तपासावी. उबुंटूवर ‘यूएफडब्ल्यू’ने पोर्ट बंद केला तरी डॉकरने नेहमीच्या पद्धतीने जाहीर केलेला पोर्ट त्या नियमांना वळसा घालून उघडा राहतो. फायरवॉल तो पोर्ट ‘बंद’ दाखवतो आणि बाहेरून डेटाबेस उघडतो, असा हा फसवा प्रकार आहे. पोर्ट जाहीर करतानाच १२७.०.०.१ ला बांधून टाकणे हा त्यावरचा सरळ उपाय.

पोर्टचा आकडा बदलणे हा उपाय नाही. झाडून सगळे पोर्ट तपासणारे कमी नाहीत.

लॉगिन सुरू करताना मोंगोडीबीमध्ये आधी ॲडमिन युजर तयार करून मग ‘ऑथोरायझेशन’ चालू करावे. पोस्टग्रेसच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये ‘ट्रस्ट’ हा शब्द शोधा. जिथे तो आहे तिथे पासवर्ड विचारला जात नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसए’ या युजरचा पासवर्ड काय आहे ते बघा. मे २००२ मध्ये ‘स्पायडा’ नावाचा किडा फक्त ‘एसए’चा पासवर्ड रिकामा असलेल्या मशीनवर पसरला होता. आज रिकामा पासवर्ड कमी दिसतो, पण व्हेंडरने सगळ्या ग्राहकांकडे एकच पासवर्ड ठेवलेला असणे, हे त्याच्या जवळपास जाणारे आहे; एका जागेचा कळला की सगळ्यांचा कळला. तो बदलून घ्या. सॉफ्टवेअरने रोजच्या कामासाठी सर्वाधिकारी युजर वापरू नये, बेताचे अधिकार असलेला वेगळा युजर वापरावा. आणि पीएचपीमायॲडमिनसारखी स्क्रीन रोज लागत नसेल तर ती काढूनच टाका. जी नाही ती उघडी राहू शकत नाही.

डॉक्टरांना घरून रिपोर्ट बघायचे असतात, ही गरज खरी आहे आणि ती नाकारून चालणार नाही. त्यासाठी व्हीपीएन घ्या. ‘वायरगार्ड’ मोफत आहे, ‘टेलस्केल’ बसवायला त्याहून सोपे. मोबाइलवर एक बटण दाबले की डॉक्टर सेंटरच्या आतल्या नेटवर्कवर येतात आणि बाहेरच्यांसाठी काहीच उघडे राहत नाही. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडून देणे म्हणजे मात्र एक भोक बुजवून दुसरे पाडणे.

जुलै २०२० मध्ये पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टाचे ‘एनएम१’ हे ७,२०० रॅकचे डेटा सेंटर सुरू झाले, तेव्हापासून आपल्याकडचे व्यावसायिक सर्व्हर डेटा सेंटरमध्ये ठेवण्याचा विचार अधिक करू लागले आहेत. चांगलेच आहे, वीज, थंडावा, पहारा यांची काळजी मिटते. पण भाड्याच्या सर्व्हरवरच्या तुमच्या डेटाबेसला लॉगिन ठेवणे हे डेटा सेंटरचे काम नाही. ते तुमचे किंवा तुमच्या इंजिनिअरचे. तेव्हा व्हेंडरला ईमेलवर, म्हणजे लेखी, विचारा: डेटाबेस कोणता, आवृत्ती कोणती, कोणते पोर्ट बाहेरून पोचतात, ॲडमिन पासवर्ड कोणाकोणाकडे आहे, बॅकअप कुठे आहे आणि तो शेवटचा कधी परत उभा करून पाहिला. चांगल्या इंजिनिअरला या प्रश्नांचा राग येत नाही. बॅकअपची एक प्रत नेटवर्कला न जोडलेल्या डिस्कवर ठेवा. अपडेट झाले, राउटर बदलला, लाइट जाऊन सर्व्हर नव्याने सुरू झाला, की मोबाइल डेटावरून पुन्हा एकदा बघा.

उघडा सापडलाच तर

घाबरून सर्व्हर फॉरमॅट करू नका. आधी बाहेरची वाट बंद करा. मग डिस्कची प्रत आणि डेटाबेसचे, राउटरचे लॉग वेगळ्या जागी ठेवा, कारण किती दिवस उघडे होते आणि कोणी काय वाचले हे त्यांतूनच कळेल. खंडणीची चिठ्ठी सापडली तर तिचा फोटो घ्या, पैसे पाठवू नका.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. ‘आम्ही काय कंपनी आहोत?’ असे म्हणून सुटता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मधल्या व्याख्येत एकट्याच्या मालकीचा व्यवसायही येतो, आणि २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहितीत धरल्या आहेत. निष्काळजीपणाने कोणाचे नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्याच्या पुढे जातो. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. ही मुदत तयारीसाठी आहे.

ज्यांची माहिती उघडी होती त्यांना कळवणे सगळ्यांना अवघड जाते. गिऱ्हाईक तुटेल ही भीती असते. तरीही कळवा, आणि साध्या मराठीत कळवा: कोणती माहिती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत उघडी होती, आता काय केले आहे, शंका असल्यास सेंटरमध्ये कोणाला फोन करायचा. एक ओळ मात्र विसरू नका. रिपोर्ट हाती असलेला भामटा रुग्णाला नावानिशी फोन करून तपासणीची तारीखसुद्धा बिनचूक सांगू शकतो आणि पुढच्या तपासणीचे पैसे मागू शकतो. असा फोन आला तर पैसे पाठवू नका, आधी आम्हाला विचारा, आणि पाठवलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, हे त्या निरोपात ठळक लिहा.